धुडकूआप्पांचा गंधार

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधून आल्यावर धुडकूआप्पा मोबाइलवर तानपुरा लावून गातात. त्यात त्यांचा गंधार पार विरघळतो. भजनाला मात्र पेटी लागते, आणि पेटीचा गंधार किंचित चढा. पेटी सगळ्यांच्या पट्टीला चालावी म्हणून तिचे सूर मुद्दाम जरा जरा सरकवलेले असतात. आप्पांना ते सोसेना. आमच्या भजनी मंडळाची पेटी त्यांनी कारागिराकडे नेली आणि तेवढा सूर घासून उतरवून आणला. गुरुवारच्या भजनाला पेटी त्यांच्या गळ्याला चिकटून चालली. आम्ही खूश.

मग त्यांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, आपल्या पट्टीत भजन धरलं आणि दुसऱ्याच ओळीला टाळ खाली ठेवले. पेटीवर आप्पांच्या पट्टीतला गंधार तोच पुष्पाबाईंच्या पट्टीतला पंचम, आणि तो आता उतरलेला. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

“तुमना गंधारनी मना पंचम खादा,” पुष्पाबाई म्हणाल्या.

आप्पांनी सूर पुन्हा चढवून आणला. आता गाताना गंधार आला की ते पेटीवरचं बोट उचलतात आणि तेवढा सूर नुसत्या गळ्याने लावतात. नवे लोक विचारतात, पेटीचा तो सूर मुका आहे का. आम्ही हो म्हणून टाकतो.