मुरलेला पेपर

आजचं वर्तमानपत्र आजच वाचणं हा निव्वळ उतावळेपणा आहे असं मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं पूर्वसंचित. मामांच्या मते बातमी कैरीसारखी असते. ताजी खाल्ली तर दात आंबतात, पंधरा-वीस वर्षं मुरली की खरी चव कळते. त्यातही दोन-चार ओळींच्या बातमीला ते हात लावत नाहीत. वार्ताहराने गावात आठ दिवस मुक्काम ठोकून लिहिलेला, पानभर पसरलेला लेख हवा. एका दैनिकात पानं लावायची नोकरी करता करता असे लेख त्यांनी इतके जमवले, की नेरूळच्या त्यांच्या इमारतीचा पनवेलकडचा कोपरा दोन बोटं खचला, हे मी शपथेवर सांगतो. मामी म्हणतात, तीन.

घरात सोफा नव्हता, गठ्ठे होते, आणि पाहुण्याला कुठे बसवायचं ते मामा विषयावरून ठरवत. डॉक्टर आले तर साथीच्या रोगांवर, बिल्डर आला तर बुजवलेल्या तळ्यांवर. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हुंड्यावर बसवलं होतं. मी जरा बिचकत टेकलो, तर म्हणाले, ‘बसा हो जावईबापू, बिनधास्त. एवढ्या वर्षांत ढासळला नाही, तुमच्या वजनाने काय ढासळतोय.’

एकदा त्यांच्या सोसायटीच्या सभेत टँकरवरून रण माजलं. मामा उठले, खिशातून एक घडी काढली आणि अर्धा तास वाचत राहिले. नळाला पाण्याऐवजी हवा येते, टँकरवाला दादागिरी करतो, साहेब म्हणतात पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा. सभा अशी पेटली की दोन कट्टर वैरी एकमेकांना टाळ्या देऊ लागले. सेक्रेटरीने वार्ताहराच्या अभिनंदनाचा ठराव मांडला, तो एकमताने मंजूरही झाला. मग मामा चष्मा पुसत म्हणाले, ‘हा लेख आला तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत होता, सेक्रेटरी.’

‘काय मामा, शिळा माल खपवलात होय?’

‘शिळा कसा? टँकर तोच, साहेबाचं उत्तरही तेच. चांगला लेख शिळा होत नाही.’

हे शेवटचं वाक्य ते जेवणाआधी चित्राहुतीसारखं रोज म्हणत.

गेल्या वर्षी त्यांची लेक बाळंतपणाला यायची ठरली आणि खोली रिकामी करायची वेळ आली. मामींनी फर्मान काढलं, ‘एक ट्रंक भरून काय ते ठेवा. बाकीचं सोमवारी रद्दीवाला नेईल. नातवंडाला काय दुष्काळावर झोपवू?’

मी मदतीला गेलो. मदत म्हणजे मी गठ्ठा सोडायचा आणि मामांनी तो वाचत बसायचा. शनिवार उजाडला तरी ट्रंकेत एकच कात्रण होतं. जासईच्या बाजूच्या एका गावातल्या जमिनी सरकारने घेतल्या, त्यावरचा तो लेख. त्याच्या खाली बोटभर रुंदीची एक पट्टी डिंकाने चिकटवली होती. हे काय, म्हणून मी विचारलं तर मामांनी हातातला गठ्ठा न वाचताच खाली ठेवला. हा चमत्कार मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो.

‘जाहिरात उशिरा आली,’ ते म्हणाले. ‘पानात जागा नव्हती. आमच्यात लेख कापायचा तो खालून कापतात, वाचायला कुणाला वेळ असतो? मी कापला. पान छपाईला गेल्यावर हातातली पट्टी वाचली. सबंध लेख गावातल्या एका म्हातारीच्या ओटीवर बसून लिहिलेला, पट्टीत तिचे शब्द, आणि मी तिलाच बाहेर काढली.’

‘मग ठेवा की ट्रंकेत.’

‘ट्रंकेत ठेवायची वस्तू नाही ही. ज्यांची त्यांना दिली पाहिजे.’

रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवर बसून, कात्रण पोटाशी धरून, कंटेनरच्या ट्रेलरांना ‘सरक रे बाबा’ म्हणत मामा त्या गावी आले. विचारत विचारत घर सापडलं. म्हातारी कधीच गेली होती. ओटीवर तिची नातसून जवळा निवडत बसली होती. मामा समोर बसले आणि सबंध पान वाचून झाल्यावर, आवाज जरा खाली आणून, त्यांनी पट्टी वाचली: ‘जमीन घेतली ती घेतली. पन उद्या कोनी इचारलं, बाय, तू कुठली, तर काय सांगू?’

नातसुनेचा हात सुपात थांबला. ‘ही तं आमची आजीच हाय,’ ती म्हणाली. मग भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर लाल रंगाने ताजे आकडे टाकले होते. ‘मोजनीवाले परवाच येऊन गेले. हितून रस्ता जानार हाय म्हनं. तुमाला एवढ्यात कसं कललं? लगेच छापून पन आलं?’

मामांचं ते रोजचं वाक्य ओठांवर आलेलं मी पाहिलं. ते त्यांनी गिळलं.

‘जुनं आहे गं बाय. फार जुनं.’

‘मंग द्या मना. सुनावनीला दाखवू.’

मामांनी कात्रण तिच्या हातात दिलं आणि ओटीवरून उठताना पहिल्यांदाच माझ्या खांद्याचा आधार घेतला. परतीच्या वाटेवर ट्रेलरांच्या रांगेत आम्ही अडकलो, तेव्हा ते मागून म्हणाले, ‘हा एक तरी शिळा निघायला हवा होता, जावईबापू.’

गठ्ठे सोमवारी गेले. निम्मे रद्दीत आणि निम्मे माझ्या दिवाणाखाली. दिवाण वीतभर उंच का झाला ते बायकोला अजून कळलेलं नाही. ट्रंकेत नातवाची दुपटी आहेत. आणि मामा हल्ली सकाळी सहापासून दार उघडून पेपरवाल्याची वाट पाहत उभे असतात. आजचा पेपर आजच वाचतात. त्या गावाचं, त्या घराचं काही आलंय का ते शोधतात. प्रत्येक पान अगदी खालच्या ओळीपर्यंत.