लेनीला समुद्र नको होता

लेनी माद्रुगा वारला त्या आठवड्यात त्याचा जुना ड्रमवाला वेंडेल हॅस्केट याचा पाय घरात ठरेना. सकाळी उठायचा, कॉफी ओतून ती तशीच ओट्यावर ठेवायचा, गॅरेजात जाऊन ड्रमवरची चादर काढायचा आणि पुन्हा घालायचा. शेवटी त्याची बायको लोरेटा वैतागली.

"अरे, बस की एका जागी! तुझ्यामागे फिरून मांजरसुद्धा दमलं."

"बसतो," वेंडेल म्हणाला आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडला.

लेनीचं वय झालं होतं, दुखणंही लांबलं होतं. त्याचं जाणं वेंडेलनं मनाशी केव्हाच गृहीत धरलं होतं. त्याला कुरतडत होती ती शनिवारची तयारी. लेनीची मुलगी डीना हिनं सगळ्यांना कळवलं होतं: ओशन बीचवर जमायचं, सर्फिंग करणाऱ्यांनी फळ्या घेऊन आत जायचं, पाण्यात रिंगण धरायचं, फुलं सोडायची आणि मधोमध लेनीची राख. लाटांवर वाढलेल्या माणसाला तिथे असाच निरोप देतात. आणि सर्फ गिटार, म्हणजे लाटेसारखी धावणारी ती वाजवण्याची तऱ्हा, ज्यांनी पहिल्यांदा वाजवली त्या चार-दोन पोरांमधला लेनी एक. पेपरात मथळा होता, 'लाटेला तारांवर आणणारा माणूस'.

वेंडेलनं तो पेपर चुरगळून टाकला. लेनी पंधराव्या वर्षानंतर गुडघ्याच्या वर कधी पाण्यात शिरला नव्हता.

माद्रुगा म्हणजे पॉइंट लोमा या बंदरवस्तीतलं पोर्तुगीज घराणं, पिढ्यान्‌पिढ्या ट्यूना मासे मारणारं. पंधराव्या वर्षी बापानं लेनीला बोटीवर नेलं. मेक्सिकोच्या खाली, भर दुपारी, आमारोमामाचा पाय जाळ्याच्या दोरात अडकला आणि तो पाण्यात ओढला गेला. दिवस मावळेपर्यंत बोट त्या जागेभोवती घिरट्या घालत होती. मामा काही सापडला नाही. घरी आल्यावर लेनी बापाला म्हणाला, "मी परत येणार नाही." बापानं दोन ठेवून दिल्या. तरी तो गेला नाही. त्यानं गिटार धरली.

हे वेंडेलला कळलं ते दोघं ऐन विशीत असताना, गॅरेजातल्या सरावात. लेनी एकाच तारेवर हात असा चालवायचा की मनगट दिसायचं नाही, आणि त्याला गाठता गाठता वेंडेलचे खांदे भरून यायचे.

"लेका, थांबायचं कधी? खूण तरी कर!"

"थांबायचं नाही."

"का? पैज लावलीय कुणाशी?"

लेनीनं गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि ती दुपार सांगितली. "इंजिन असं वाजत होतं, वेंडेल. मला वाटायचं, ते चालू आहे तोवर मामा आहे. बाबांनी ते बंद केलं ना, तेव्हा तो मेला."

पहिल्यांदा त्यांनी हे वाजवलं ते पोर्तुगीजांच्या सभागृहात, सणाच्या दिवशी. म्हाताऱ्यांनी कान झाकले, स्पीकर फाटला, आणि एक काका ओरडला, "गिटार वाजवतोयस की आमच्या कवट्या फोडतोयस?" पण दाराशी उभी असलेली किनाऱ्यावरची पोरं वेडी झाली. "लाटेच्या पोटात शिरलं की अगदी असंच होतं!" लेनीनं खांदे उडवले. "लाट तर लाट. नाचतायत ना?"

चार वर्षं गर्दी मावली नाही. मग इंग्लंडहून लांब केसांची गाणारी पोरं आली आणि यांना कुणी विचारेना. लेनी लोकांच्या न्हाणीघरात फरश्या बसवू लागला, वेंडेल शाळेची बस चालवू लागला. म्हातारपणी नव्या पोरांनी लेनीला पुन्हा शोधून काढलं, आणि मग तो खुर्चीत बसून का होईना, वाजवतच राहिला.

शेवटच्या दुखण्यात त्यानं वेंडेलचा हात धरला. "मला टेकडीवरच्या कबरस्तानात, आईजवळ ठेवा. पाण्यात नको. तिथं मला मामाला शोधत फिरावं लागेल. डीनाला सांग."

"तूच सांग की."

"मी बोलायला लागलो की ती रडते."

लेनी गेला त्याच संध्याकाळी डीनानं समुद्राचं जाहीर केलं. तीही सर्फिंग करणारी. तिच्या तोंडावर कसं म्हणायचं, तुला जे प्राणापलीकडे आवडतं त्याची तुझ्या बापाला धास्ती होती?

शनिवारी सकाळी वाळूला लागून गाड्या उभ्या होत्या, पोरं फळ्यांना मेण चोळत होती. डीना काळा रबरी पोशाख चढवून, काखेत लाकडी पेटी घेऊन धावत आली.

"वेंडेलकाका! ड्रम तिकडे, जनरेटरपाशी. वारा फार आहे, जरा–"

"डीना, राख पाण्यात सोडू नकोस."

उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगून टाकलं. बोट, मामा, इंजिन, टेकडी. डीना आधी हसली, मग तिचा चेहरा लाल झाला.

"हे आत्ता सांगताय? अहो, अर्धं गाव पाण्यात उतरायला निघालंय!"

"ठाऊक आहे गं."

"खोटं आहे. मी लाटांवर असले की बाबा इथं येऊन उभे राहायचे. दर रविवारी!"

"यायचा. धक्क्याचा खांब धरून उभा राहायचा आणि मला फोन लावायचा. 'ती दिसत नाहीये, वेंडेल. हां, दिसली. पुन्हा गेली.' तू बाहेर येईस्तोवर माझं जेवण गार व्हायचं."

डीना गाडीच्या पायरीवर बसली. तिनं पेटीवरची वाळू झटकली. "मला एकदाही म्हणाले नाहीत, जाऊ नकोस म्हणून."

"नाही म्हणाला."

वेंडेलबरोबर आलेल्या लोरेटानं पुढे होऊन पेटी घेतली. "मी धरते ही. आमच्या घरात मला एकटीलाच बसता येतं. तू जा पोरी, लोक खोळंबलेत."

डीना गेली. रिंगण झालं, फुलं पडली. कुणीतरी राखेचं विचारलं असावं. तिनं काय सांगितलं ते किनाऱ्यापर्यंत ऐकू आलं नाही. फक्त हसण्याचा एक गलका आला आणि सगळ्यांनी तळहातांनी पाणी उडवलं.

सोमवारी टेकडीवर चर्चचे पाद्री आले आणि लेनीला आईजवळ ठेवलं. डीनानं आजीच्या थडग्याच्या दगडावरून हात फिरवला.

"आमारोमामाचं नाव कुठंच नाही?"

"कुठं असणार? पुरायला काही हाती लागलंच नाही."

"तो आजीचा सख्खा भाऊ ना?" म्हणत ती तिथूनच दगड कोरणाऱ्याला फोन लावू लागली. एकदा लागेना, दोनदा लागेना. वेंडेल तिच्याभोवती येरझाऱ्या घालत होता.

"सावकाश," तो म्हणाला. "स्पेलिंग नीट सांग. आमारोत एकच एम आहे."