किनारा आधीच साफ होता

अंधेरीच्या ज्या कंपनीत मी एचआरचं काम पाहते, ती वेफर्स-फरसाणाची चकचकीत प्लास्टिकची पाकिटं बनवते. धंदा बरा चालला होता. मग आमच्या सगळ्यात मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाने विचारलं, तुमचे कर्मचारी समाजासाठी काय करतात? हा प्रश्न आम्हाला तोवर कोणी विचारलाच नव्हता. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"धंदा टिकवायचा असेल तर आपल्याला स्वयंसेवा करावी लागेल," ते म्हणाले.

"कुणी करायची, सर?"

"सगळ्यांनी. शनिवारी. कम्पल्सरी."

मी हसू दाबलं. साहेब वाईट माणूस नव्हते. लॉकडाऊनमध्ये त्यांनी एकालाही कामावरून काढलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्यासाठी सुट्टीचा एक शनिवार द्यायला कोणाची ना नव्हती. समुद्रकिनारा साफ करायचं ठरलं. जवळचे किनारे बाकीच्या कंपन्यांनी आधीच धरून ठेवले होते, म्हणून आमच्या वाट्याला खाडीपलीकडचं मनोरी आलं.

आठवडाभर आधी मी एकटीच तिथे जाऊन आले. किनाऱ्यालगत एक मावशी बांबूवर बोंबील वाळत घालत होत्या. मी त्यांना सांगितलं, येत्या शनिवारी आमच्या ऑफिसची पन्नासेक माणसं तुमचा किनारा साफ करायला येतील.

"पन्नास माणसं? आमच्या गावात?" त्यांनी हातातला बोंबील तसाच धरून ठेवला.

त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, बाईंना आनंद झाला.

शनिवारी सकाळी मार्वेच्या जेट्टीवरून आम्ही बोटीत बसलो. सगळ्यांच्या अंगात हिरवे टी-शर्ट, त्यांच्या पाठीवर पृथ्वी वाचवायचा संदेश, हातात रबरी मोजे आणि रिकाम्या गोण्या. आमचा डिस्पॅचवाला मालवणकडचा. तो माझ्या कानाशी कुरकुरला, "माझ्या आवशीन माका कधी झाडू धरूक सांगूक नाय, आणि आता सायेब सांगतत!"

किनाऱ्यावर पोहोचलो. वाळूवर खराट्याच्या रेघा. पिशवी नाही, बाटली नाही, नारळाची करवंटीसुद्धा नाही. पलीकडे मावशी आणि आणखी चार-सहा बायका ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत फुलं माळून उभ्या होत्या.

"या, या!" मावशी पुढे आल्या. "पावणे येणार म्हणून दोन दिस झाडतोय. एवढी घाण तुमाला कशी दाखवायची?"

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "अगं, कचरा कुठे गेला?"

"सर, त्यांनी काढला."

"तो परत मिळेल का, विचार ना."

मी विचारलं. असं काही आपण कोणाला कधी विचारू, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मावशी म्हणाल्या, तो कालच पालिकेच्या गाडीतून गेला.

गिऱ्हाइकाला फोटो पाठवायचे म्हणून भाड्याने आणलेला फोटोग्राफर घड्याळ बघू लागला. काय करावं सुचेना, म्हणून मी नाश्ता वाटायला घेतला. प्लास्टिकच्या डब्यांत इडली, चटणीच्या बारक्या पिशव्या, चमचे, पाण्याच्या बाटल्या. वाळूवर बसून सगळ्यांनी खाल्लं. मग एकेक जण रिकामा डबा गोणीत टाकायला उठला, तसे साहेब जवळजवळ ओरडले, "थांबा! गोणीत नको! खाली टाका!"

आम्ही टाकला. पन्नास सुशिक्षित माणसांनी स्वच्छ वाळूवर आपापला डबा आणि चमचा नीट विखरून टाकला. ते बघून मावशी धावतच आल्या आणि वाकून उचलू लागल्या. मी त्यांचा हात धरला.

"मावशी, राहू द्या. आधी फोटो व्हायचाय."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या फोटोग्राफरकडे. मला कुठे तोंड लपवू असं झालं. मग मावशी एवढंच म्हणाल्या, "बरं. झालं की सांगा. जेवल्याशिवाय कोणाला सोडायची नाय."

दुपारी त्यांच्या अंगणात आम्ही तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण खाल्लं. डिस्पॅचवाल्याने भात तीनदा घेतला. साहेब शाकाहारी. ते सोलकढी-भात जेवले आणि निघताना त्यांनी मावशींना वाकून नमस्कार केला.

फोटो झकास आले. गिऱ्हाईक खूश झालं, ऑर्डर कायम राहिली. स्वयंसेवेने धंदा टिकतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या वर्षी तारीख ठरवायला मी पुन्हा मनोरीला गेले. मावशींच्या अंगणावर ताडपत्रीचं छप्पर चढलं होतं, खाली लांब बाकं, आणि त्या दिवशीच्या त्याच बायका मसाला वाटत बसलेल्या. बाहेर पाटी होती: ग्रुपसाठी घरगुती जेवण मिळेल.

"त्या शनिवारी नाय जमणार," मावशी म्हणाल्या. "बँकवाले येतात. त्याच्या पुढच्याला औषधवाली कंपनी. सगळे साफ करायलाच येतात."

"आणि किनारा? तुम्ही झाडता अजून?"

"आता कशाला? पावण्यांना काय तरी काम ठेवायला लागतं ना!" त्या खळखळून हसल्या, मागून बाकीच्या बायकाही हसल्या. "तुमचे सायेब बिचारे किती हिरमुसले होते. बोल, शाकाहारी किती?"

मी महिनाभर पुढचा शनिवार घेतला. ऑफिसात येऊन साहेबांना सगळं सांगितलं, पाटीसकट. ते खुर्चीतून उठलेच.

"म्हणजे आपल्यामुळे तिथे बायकांचा धंदा उभा राहिला! अगं, हे रिपोर्टमध्ये टाक!"

मी टाकलं. इडलीच्या डब्यांबद्दल मात्र काही लिहिलं नाही, आणि साहेबांनीही विचारलं नाही.