विचारायच्या आधी सांगणारा माणूस

बाळारामकाका कागद हातात आला की खुर्चीवर बसत नसत. माझ्या टेबलासमोर उभे राहत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागत. गाडीचा नंबर, माल, नग, वजन. वाशिंदला हायवेलगत आमच्या ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. बाहेर कंटेनरची घरघर, आत दोन फोन सतत वाजणारे, आणि मध्ये काकांचं हे वाचन. बाकीचे ड्रायव्हर कागदाची चौघडी करून खिशात घालत आणि चहाच्या टपरीकडे वळत. काका चौथीपर्यंत शिकलेले. इंग्रजी अक्षरं रस्त्यावरच्या पाट्यांवरून गोळा केलेली. वाचायला सगळ्यात जास्त वेळ त्यांना लागे, आणि वाचणारे तेवढे एकटेच होते.

मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा पहिला कागद असाच वाचला. संपल्यावर चष्मा काढला आणि म्हणाले, "बाय, गाडीत काय हाय ते बराबर लिवलंस. गाडी कोन चालवतो ते कुठं हाय?"

ड्रायव्हरच्या नावाची ओळ मी रिकामी सोडली होती. मला ती महत्त्वाची वाटली नव्हती.

"नाक्यावर साहेब पयला मला बगनार, मंग माल," ते म्हणाले. "माजं नाव घाल. लायसनचा नंबर घाल. मंग मी जातो."

आमच्या काही गाड्या नेपाळला माल घेऊन जात आणि येताना तिकडून माल आणत. परदेशातून माल आणायचा तर मालाच्या मालकाचे कागद वेगळे असतात. पण जो तो माल गाडीत घालून सीमा ओलांडतो, त्यालाही स्वतःचं एक निवेदन कस्टम्सला द्यावं लागतं. गाडी कोणती, चालवणारा कोण, आत काय, किती नग, कुठून आणलं, कुणासाठी. गाडी सीमेवरच्या नाक्यावर पोचली की आधी हा रिपोर्ट. तो दिल्याशिवाय ताडपत्रीची दोरीही सोडता येत नाही. हे सगळं मला ऑफिसात कुणी नीट शिकवलं नव्हतं. मी शिकले ते काकांच्या तोंडून, तेही त्यांच्या एका वाक्यातून. ते म्हणत, "इचारायच्या आदी सांगितलं तर ती खबर. इचारल्यावर सांगितलं तर ती सफाई."

काका धसईचे. दोन एकर भातशेती, ती काकी आणि मोठा मुलगा बघत. ड्युटीवर यायचं तर धसईहून सरळगाव, तिथून किन्हवलीवरून शहापूर आणि मग वाशिंद, असा तीन गाड्या बदलून प्रवास. तरी ते वेळेच्या आधी हजर. येताना पिशवीत कधी वालाच्या शेंगा, कधी काकड्या. माझ्या टेबलावर पिशवी ठेवत आणि म्हणत, "आईला दे. तुला सांगून उपेग नाय, तुला भाजी निवडता येत नाय." हे त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे, पण खरं होतं.

तिसऱ्या वर्षी माझ्या हातून ती चूक झाली. घरी भावाची हळद होती आणि मला लवकर निघायचं होतं. काका नेपाळहून मसाला वेलची आणि सुंठेच्या गोण्या घेऊन निघाले होते, भिवंडीच्या एका व्यापाऱ्यासाठी. माल भरल्या जागेवरून यादीचा फोटो माझ्या मोबाइलवर आला. मी तो बघून रिपोर्ट टाइप केला आणि नाक्यावरच्या आमच्या एजंटला पाठवून दिला. गोण्या दोनशे एक्केचाळीस होत्या. मी दोनशे चौदा लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर एजंटने छापलेला कागद काकांच्या हातात दिला. काकांनी रांगेत उभ्या उभ्या तो वाचला. माल भरताना त्यांनी स्वतः गोण्या मोजल्या होत्या. कागदात सत्तावीस कमी होत्या. म्हणजे कस्टम्सच्या नजरेत सत्तावीस गोण्या चोरून आणलेल्या.

एजंट त्यांना म्हणाला, ताडपत्री बांधलेली आहे, कुणी मोजत बसणार नाही, निघा. पुढे काय झालं ते त्यानेच नंतर आम्हाला सांगितलं. रांग सोडून काका थेट काउंटरवर गेले, कागद साहेबांपुढे ठेवला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "साहेब, ये गलत है. गाडी में ज्यादा है. आप गिन लो."

गाडी बाजूला लावून घेतली गेली. माल उतरवून मोजला गेला. काकांचा जबाब झाला. नियम असा आहे की फसवण्याचा हेतू नव्हता अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर रिपोर्ट दुरुस्त करता येतो. पण खात्री व्हायला पुरावा लागतो, आणि तो पुरावा वाशिंदला, माझ्या मोबाइलमध्ये होता. साहेबांनी कंपनीकडून लेखी खुलासा मागवला. तोवर गाडी तिथेच, आणि काकाही तिथेच.

तो बुधवार होता. रविवारी धसईला त्यांच्या धाकट्या मुलीचा साखरपुडा होता.

आमचे मालक वाईट माणूस नव्हते, पण घाबरले होते. गाडी जप्त झाली तर, कंपनीचं नाव खराब झालं तर, असं काय काय त्यांच्या डोक्यात चाललं होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "सुवर्णा, असं लिही. आम्हाला दोनशे चौदाच कळवल्या होत्या. जास्तीच्या गोण्या ड्रायव्हरने परस्पर भरल्या असाव्यात, ऑफिसला माहिती नाही. तुझीही नोकरी वाचेल, कंपनीही सुटेल."

मी टेबलावर येऊन बसले. दोन ओळी तशा टाइपही केल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. तेवढ्यात काकांचा फोन आला.

मी म्हणाले, "काका, माझी चूक झाली."

"झाली," ते म्हणाले. 'असू दे' म्हणून त्यांनी मला सोडलं नाही. "फोटो हाय ना तुज्याकडं? तो पाठव. आन् काय झालं ते लिव. जास्ती लिवू नको, कमी पन लिवू नको."

"आणि साखरपुडा?"

ते म्हणाले, "तो व्हईल. मी नसलो तरी व्हईल. तू लिव."

मालकांनी मला काय लिहायला सांगितलं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या मनात तशी शंकाही आली नसावी. मी त्या दोन ओळी पुसल्या. नवीन पत्र लिहिलं. आकडा टाइप करताना मी चुकले, मूळ यादीचा फोटो सोबत आहे, ड्रायव्हरचा यात काही दोष नाही, त्यानेच ही चूक उघड केली. खाली माझं नाव. पत्र घेऊन केबिनमध्ये गेले. मालकांनी ते दोनदा वाचलं. "तुला कळतंय का तू काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी खिडकीबाहेर उभ्या गाड्यांकडे एकदा बघितलं आणि सही करून कागद माझ्याकडे सरकवला. "पाठव. उद्या तो माणूस परत आला की मला त्याच्याकडे बघता आलं पाहिजे," एवढंच म्हणाले.

रिपोर्ट दुरुस्त झाला. कंपनीला लेखी ताकीद मिळाली आणि गाडी सुटली, पण तोपर्यंत सोमवार उजाडला होता. साखरपुडा काकांनी नाक्यावरच्या बाकावर बसून मोबाइलच्या काचेत पाहिला.

ते परत आले त्या दिवशी मी माफी मागायला पुढे गेले. वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ दे, होतं असं. ते तसं काही म्हणाले नाहीत. "चल," म्हणाले आणि मला मागच्या गोदामात घेऊन गेले. दुसऱ्या एका गाडीतून पोती उतरत होती. "मोज."

मी दुपारभर उभी राहून मोजत होते. मध्ये हमाल हसले, माझी मोजदाद चुकली, काकांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. शेवटचं पोतं उतरल्यावर म्हणाले, "आता ह्यो आकडा तुजा झाला. परत्येक आकड्याखाली कुनाची तरी पाठ वाकलेली असते. टाइप करताना ती बगाची."

पुढच्या रविवारी मी आईला घेऊन धसईला गेले. काकींनी मला चुलीपाशी बसवलं, गरम तांदळाची भाकरी ताटात टाकली आणि म्हणाल्या, "पोरीचा बाप साखरपुड्याला नव्हता, ह्याचं दुख हाय गो. नाय कसं. पन व्याही काय म्हनले सांगू? म्हनले, असा मानूस हाय तर पोरगी डोळे मिटून घेतो." नवरीमुलगी दारात उभी राहून हसत होती. माझ्या आईने तिच्या हातात साडी ठेवली. लग्नाला आम्ही चार दिवस आधीच गेलो आणि भाजी निवडायला मला बसवलं गेलं.

पुढे काही वर्षांनी काका एका सकाळी ऑफिसात आले आणि कागद न घेताच मालकांच्या केबिनमध्ये शिरले. डाव्या डोळ्याने अंधुक दिसतंय, लांबची गाडी आता देऊ नका, असं त्यांनी सांगितलं. तोवर कुणालाही काही कळलेलं नव्हतं. लायसनची मुदतही बाकी होती. मालकांनी ऑपरेशन करून घ्या, परत या म्हणून पुष्कळ सांगितलं. काकांनी ऑपरेशन करून घेतलं, पण परत आले नाहीत. भातशेतीत रमले.

दरम्यान मी अभ्यासाला लागले. कस्टम्सच्या कामासाठी परीक्षा असते. ती पास झालं की कागदांवर स्वतःच्या सहीने काम करता येतं. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले. पेढे घेऊन धसईला गेले तेव्हा काका बांधावर बसून विळ्याला धार लावत होते. मान वर न करता त्यांनी सगळं ऐकलं.

"मंग आता सही तुजी?"

"माझी."

"नाका बगितलास कदी?"

"नाही."

"मंग बगून ये. ज्याच्यासाटी सही करतीस तो कुठं उभा ऱ्हातो ते बगाय नको?"

यंदा मी गेले. मालकांनीही आढेवेढे घेतले नाहीत. तीन दिवसांच्या प्रवासानंतर मी त्या नाक्यावर उभी होते. गाड्यांची रांग नजर पोचेपर्यंत, हवेत धूळ आणि डिझेलचा वास. आमची गाडी पलीकडून चहाच्या पेट्या घेऊन आली. ड्रायव्हर काकांच्याच मुरबाडकडचा, नवा, या नाक्यावरून पहिल्यांदाच माल आणणारा. त्याच्याबरोबर मी पेट्या मोजल्या, रिपोर्ट भरला, त्याच्या नावाखाली माझी सही केली आणि काउंटरवर दिला. साहेबांनी तपासला, शिक्का मारला, पुढच्या माणसाला हाक मारली. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल.

मी बाहेर येऊन काकांना फोन लावला.

"काका, माझ्या सहीने पहिली गाडी सुटली."

तिकडे कुठेतरी बैल हाकल्याचा आवाज येत होता. काका म्हणाले, "बरं झालं." मग थांबून विचारलं, "आन् डायवर? तो जेवला का?"

मी वळून पाहिलं. तो गाडीच्या पायरीवर बसला होता, शिक्का मारलेला कागद दोन्ही हातांत धरून, अजून पुढे काय करायचं असतं ते न कळून. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मी फोन तसाच कानाला ठेवून त्याला हाताने बोलावलं, आणि आम्ही दोघं समोरच्या खानावळीकडे चालायला लागलो.