ही फाईल इथं कुणीतरी बदललीय

परवाचं अजून डोक्यातून जात नाही, खोटं कशाला बोलू?

लिनक्स ही फुकट मिळणारी कॉम्प्युटरची प्रणाली; तिच्या एका वितरणासाठी मी हौसेनं पॅकेजं बांधते. म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला प्रोग्रॅम घ्यायचा आणि तो कुणाच्याही कॉम्प्युटरवर बिनबोभाट बसेल असा करायचा. माझ्याकडचं पॅकेज इंटरनेटवरून येणारं पान वाटेतच बदलतं. नको ते गाळता येतं, एका शब्दाच्या जागी दुसरा घालता येतो. राजारामपुरीत आमच्या घराखालीच नवऱ्याची अभ्यासिका आहे. पोरं तिथं रील बघत बसायची, म्हणून तिथल्या सर्व्हरवर ते मीच बसवून दिलं. माझ्या लॅपटॉपचं नेटही त्याच सर्व्हरमधून येतं.

नवी आवृत्ती जगाला द्यायच्या आधी जुनीवर चढवून बघायची, ही आमच्यातली रीत. परवा दुपारी सर्व्हरवर चढवायला घेतली, तर सर्व्हरनं मधेच थांबून विचारलं: सेटिंगची फाईल इथं कुणीतरी बदललीय, आहे ती ठेवू की नवी घालू? आँ? मी तर तिला हात लावला नव्हता. काय बदललंय ते दाखव म्हटलं.

पुण्याच्या ज्या कंपनीत मला नोकरी हवी होती, तिच्या पानासाठी एकच नियम घातलेला. ‘ओपन’ दिसलं की ‘क्लोज्ड’ लिही. म्हणजे जागा खुली असली तरी मला बंदच दिसणार.

अगं आई गं! मी हौसेनं करते त्याच कामाचा पगार देणारी माझ्या माहितीतली ती एकच जागा. किती वेळा ते पान उघडून रडलेय मी! सर्व्हरचा पासवर्ड मला आणि नवऱ्यालाच माहीत. आणि हाच माणूस भडंगाची पुडी आणून माझी समजूत काढायचा, “जाऊ दे की, दुसरी मिळंल.” नियम कसा लिहायचा तेसुद्धा मीच शिकवलेलं, शेजारी बसवून, कौतुकानं.

नवी फाईल घातली आणि पान परत उघडलं. ओपन.

तेवढ्यात हे चहाला वर आले. “अहो, हे तुम्ही केलंय?”

नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता, इतकी मी वेडी. पण स्क्रीनकडं बघून म्हणाले, “व्हय. एकदा पुण्याला गेलीस की परत येणार न्हाईस, असं वाटलं.”

“दर शनिवारी येणार, असं तुम्हाला सांगितलं होतं की!”

हे शेजारी उभेच राहिले. मी अर्ज भरायला घेतला. शेवटी विचारलं होतं, कामाला कधीपासून येऊ शकाल? हे आम्ही दोघं बसून ठरवणार होतो. मी त्यांच्यासमोरच लिहिलं, उद्यापासून.