कोरा रिपोर्ट

कुंभकोणमच्या आमच्या बँकेत ती बाई मला दोनदाच दिसली. नाचियार्कोविलला तिचा पितळी समया ओतायचा कारखाना होता आणि नव्या भट्टीसाठी तिला कर्ज हवं होतं. बोलता बोलता ती पदराने समोरचं टेबल पुसत राहायची, जणू तेही पितळेचंच होतं.

पहिल्या वेळी मॅनेजर म्हणाला, "अम्मा, तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये मोटारसायकलचं कर्ज थकलेलं दिसतंय."

"सार, मला सायकलसुद्धा येत नाही!"

पापनाशमच्या कुणा तिच्याच नावाच्या बाईचं कर्ज हिच्या माथी बसलं होतं. रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे तिने तक्रार केली. तिथून उत्तर येईना, तेव्हा ग्राहकाच्या हक्काचा कायदा पुढे करून ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेली आणि चूक दुरुस्त करून घेऊनच थांबली.

दुसऱ्या वेळी तिने नवा रिपोर्ट मोठ्या रुबाबात मॅनेजरपुढे ठेवला. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो.

"यात आता काहीच नाही, अम्मा," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही कधी कर्जच घेतलं नाहीत. मग तुम्ही ते फेडाल, हे बँकेने कशावरून समजायचं?"

तिचा हात थांबला. "दुसरीचं कर्ज होतं तेव्हा तुम्ही निदान मला ओळखत तरी होता, सार."

"आधी एखादं छोटं कर्ज घ्या, फेडा, मग या."

"नको असलं तरी?"

"नको असलं तरी."

ती जरा हसली. मग हातातल्या बांगड्या उतरवत सोनेतारणाच्या खिडकीकडे गेली. भट्टी लांबणीवर पडली, पण त्या दुपारपासून बँकेच्या लेखी ती विश्वासू होऊ लागली.