जुन्यावर कोण कोण जगतं

कापलेल्या द्राक्षकाडीचा हिरवट वास आला की मला निमगाव केतकीजवळची ती बाग आठवते. बागेत कलमं बांधायचं काम चाललं होतं आणि मी शेडमधल्या कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. ठिबकचे व्हॉल्व्ह त्यावरच्या, पायथन या संगणकभाषेत लिहिलेल्या माझ्या प्रोग्रॅमनं उघडायचे. नव्या सेन्सरला नवं पायथन, म्हणजे त्याची नवी आवृत्ती, लागत होतं, म्हणून मी ते टाकलं आणि सिस्टिमचं मुख्य पायथन तेच करून टाकलं. सेन्सर चालू झाला, पण ठिबक बंद पडलं आणि कॉम्प्युटरला हुकूम द्यायची टर्मिनलची खिडकीही उघडेना. कोवळी कलमं पाण्यावाचून उभी होती. बागेचे मालक, आमचे तात्या, कलमाचा चाकू घेऊनच आत आले. नवं पायथन टाकल्याचं मी सांगितलं. “जुनं उपटलंस का?” “न्हाय तात्या, हाय जागेवर. फक्त मान नव्याला दिला.” “मग जुन्यावर कोण कोण जगत हुतं, ते बघितलंस का?” त्यांनी मला शेडच्या दारातली वेल दाखवली. खाली जंगली खुंट तसाच होता, वर नव्या जातीची काडी. “मुळाला हात लावायचा न्हाय. नवं वर बांधायचं.” मी आडवाटेनं सिस्टिममध्ये शिरून जुन्याला त्याची जागा परत दिली आणि नवं पायथन सेन्सरपुरतं वेगळ्या फोल्डरात बसवलं. पाणी सुटलं. मग कुतूहलानं जुन्यावर काय काय चालतं त्याची यादी काढली, तर ती सरकतच राहिली. “अजून हाय?” तात्या वाकून विचारत होते. आजही कॉम्प्युटरमधलं काही बदलण्याआधी मी ती यादी काढतो आणि दर वेळी तिच्यात मला माहीत नसलेलं एखादं नाव निघतंच.